वर्ग चालू असताना आत बसू द्याल का?

आमच्या लेकीचा जन्म नोव्हेंबरचा, आणि शाळेचा विचार तिथूनच सुरू झाला. महाराष्ट्रात नर्सरी म्हणा, खेळवर्ग म्हणा, त्यासाठी ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण लागतात आणि पहिलीसाठी ६. म्हणजे नोव्हेंबरातलं मूल जूनमध्ये वर्गात बसतं तेव्हा अडीच वर्षांचं असतं आणि त्याच्या शेजारी जानेवारीत जन्मलेलं मूल साडेतीनला टेकलेलं असतं. मोठेपणी या दहा महिन्यांचं कुणाला काही वाटत नाही. त्या वयात मात्र शी-शू सांगता येणं, डबा उघडता येणं, "मला नको" म्हणता येणं, हे सगळं त्याच दहा महिन्यांत घडतं. केंद्रीय विद्यालयं पहिलीसाठी ३१ मार्चला ६ वर्षं पूर्ण मागतात. आम्ही तोच हिशेब धरला आणि लेकीला एक वर्ष उशिरा घातलं. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "अगं, वर्ष वाया जाईल." मला अजूनही तो आमचा सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. त्या वर्षात तिने आजीबरोबर मटार सोलले, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि दिवसभर प्रश्न विचारले.

आम्हालाही उसंत मिळाली, म्हणून शाळा नीट बघता आल्या. आम्ही पुण्यात धायरीत राहतो. सिंहगड रस्त्यापासून नऱ्हे-आंबेगावपर्यंत शाळांना तोटा नाही. बंगल्यांतून चालणारी प्रीस्कूल आहेत, महामार्गालगत सीबीएसईच्या मोठ्या इमारती आहेत, राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळा आहेत, महापालिकेच्या शाळा आहेत. जरा शहरात शिरलं की जुन्या शिक्षणसंस्थांच्या अनुदानित मराठी शाळा आहेत.

घरात मतं दोन होती आणि दोन्हींना कारण होतं. नवरा बार्शीचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. पुण्यात इंजिनियरिंगला आला तेव्हा पहिलं वर्षभर त्याने वर्गात तोंड उघडलं नाही. विषय समजत होता, पण चारचौघांत उभं राहून इंग्रजीत विचारायचं धाडस होत नव्हतं. "माझ्या पोरीवर ती वेळ यायला नको," एवढंच तो म्हणायचा, आणि त्या वाक्यापुढे माझं काही चालायचं नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पुढे फार्मसी केलं. मला मराठी शाळा हवी होती. पण "आम्ही नाही का शिकलो तिथे" हे कारण पुरेसं नाही हे मलाही कळत होतं, कारण गावात दुसरी शाळाच नव्हती.

वाद नको म्हणून आम्ही एक ठरवलं. माध्यम आणि बोर्ड तूर्त बाजूला ठेवायचं आणि प्रत्येक शाळेत एकच विनंती करायची: वर्ग चालू असताना अर्धा तास मागे बसू द्याल का? बसायला मिळालं तर दोनच गोष्टी बघायच्या. वर्गात जास्त कोण बोलतंय, बाई की मुलं? आणि मूल बोललं तर बाई पुढे काय करतात?

सगळ्यात आधी घराजवळचं एक प्रीस्कूल पाहिलं. प्लास्टिकचं हिरवं गवत, भिंतीभर कार्टून, मोबाइलवर मुलाचे फोटो पाठवणारं ॲप, फी वर्षाला सत्तर हजारांच्या आसपास. आत बसायला मिळालं नाही. सीसीटीव्हीवर वर्ग दाखवला. चौदा-पंधरा मुलं टेबलांशी बसून ठिपक्यांवरून कॅपिटल अक्षरं गिरवत होती. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत अजून ती ताकद आलेली नसते. आधी माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, चिकटकाम, ठसेकाम यांतून बोटं तयार होतात, मग पेन्सिल. तिथल्या मॅडम मनापासून म्हणाल्या, "आम्हालाही माहीत आहे, पण रोज वही भरून गेली नाही तर पालक फोन करतात." त्यांचं ते बोलणं मी विसरलेले नाही. शाळा अशी का चालते याचं अर्धं उत्तर आपल्या पालकांच्या फोनमध्ये आहे.

महामार्गाजवळच्या मोठ्या शाळेत आमच्याशी बोलायला शिक्षिका आल्याच नाहीत, ॲडमिशन काउन्सेलर आल्या. इमारत सुंदर होती. जलतरण तलाव, रोबोटिक्सची खोली, बसची व्यवस्था चोख. वर्ग दाखवले ते शाळा सुटल्यावर. पाटीवर "सीबीएसई पॅटर्न" लिहिलं होतं. मी संलग्नता क्रमांक विचारला तेव्हा "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर मिळालं. हे सगळ्यांनी विचारायला हवं. "पॅटर्न" तर कुणीही लिहितं. संलग्नता ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येते. राज्याची मान्यता आहे का हेही यूडायस क्रमांकावरून, म्हणजे सरकारी नोंदीतल्या शाळेच्या क्रमांकावरून, कळतं. अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभाग दरवर्षी जाहीर करतो, पण त्या बऱ्याचदा प्रवेश होऊन गेल्यावर वाचनात येतात. सवा लाख भरण्याआधी दहा मिनिटं काढावीत.

तिथेच लेकीचं "इंटरॅक्शन" ठेवलं होतं. आम्हाला बाहेर थांबवून तिला आत नेऊन रंग, आकार, प्राणी इंग्रजीत विचारायचे. आम्ही नम्रपणे नको म्हटलं. शिक्षण हक्क कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१०पासून. त्याच्या तेराव्या कलमात प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. फीचंही तसंच. महाराष्ट्राच्या फी नियमन कायद्याप्रमाणे शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. "समितीत कोण आहे?" एवढं विचारलं तरी समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. शाळेबद्दल ज्याचं त्याचं मत असो, हे प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. मूल आपलं आहे.

एका राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळेत मात्र मुख्याध्यापिकांनी लगेच बसू दिलं, आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे. ज्युनियर केजीचा वर्ग होता. टीचर तरुण, प्रेमळ, तयारीने आलेल्या. पाऊस हा विषय होता. त्या म्हणाल्या, "व्हॉट डू वी सी इन द स्काय?" मुलं एका सुरात म्हणाली, "क्लाउड्स." "व्हॉट कलर?" "ब्लॅक." असं छान चाललं होतं. मग खिडकीजवळचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "टीचर, आमच्या गावाला ना, ओढ्याला एवढं पाणी आलं की आजोबांची म्हैस..." टीचर हसून म्हणाल्या, "इन इंग्लिश, प्लीज." मुलगा थोडा वेळ उभा राहिला आणि खाली बसला. म्हशीचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. टीचरनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. शाळेचा नियम होता, आणि आम्ही पालकच तो मागतो. पण बाहेर पडल्यावर नवरा गाडी सुरू न करता बसून राहिला. "तो अठरा वर्षांचा मी होतो," म्हणाला. "हा चार वर्षांचा आहे."

त्या दिवशी आमच्या घरातला वाद संपला असं नाही, पण प्रश्न बदलला. नवऱ्याला भीती होती ती मुलगी गप्प होण्याची. मलाही तीच होती. फरक इतकाच की तो कॉलेजातल्या गप्प बसण्याबद्दल बोलत होता आणि मी बालवाडीतल्या.

शोध चालू होता तेव्हा, फेब्रुवारी २०२४मध्ये, दोन गोष्टी घडल्या. एक साधी आणि चांगली: चौथीपर्यंतचे वर्ग नव्या वर्षापासून सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा सरकारचा निर्णय आला. बसवाल्यांच्या आणि दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांच्या अडचणी खऱ्या होत्या, पण झोपेतून उठवून व्हॅनमध्ये कोंबलेल्या मुलांकडे पाहिलं की निर्णय पटायचा.

दुसरी आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना थेट लागली. त्यांच्या नातवाला पहिलीत घालायचं होतं आणि शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर त्यांची आशा होती. सून-मुलाचं उत्पन्न १ लाखाच्या आत, तहसीलचा दाखला तयार, भाड्याच्या घराचा करारही नोंदणी केलेला, कारण साधा नोटरीचा कागद चालत नाही. त्याच महिन्यात सरकारने नियम बदलला: १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेवर राखीव जागांचं बंधन नाही. शहरात अशी एक तरी शाळा जवळ असतेच. म्हणजे खासगी शाळांचा दरवाजा जवळपास बंदच झाला. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली, अर्ज पुन्हा भरून घेतले गेले, आणि १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्दच केला. शाळा जूनमध्ये सुरू झालेल्या. नातवाला सोडतीत जागा मिळाली, पण तो वर्गात गेला तेव्हा बाकीच्या मुलांची पुस्तकं अर्ध्यावर आली होती. उशिरा आलेल्या मुलाला वेगळी ओळख आपोआप चिकटते, आणि ती त्या घरानं मागितलेली नव्हती.

मावशींनी इंग्रजी शाळा निवडली यात मला काही चूक दिसत नाही. त्यांना कुणी भाषेचं तत्त्वज्ञान सांगू नये. ज्या समाजात बँकेचा अर्जसुद्धा इंग्रजीत समोर येतो तिथे त्यांनी आपल्या नातवासाठी तेच दार मागितलं. पण रविवारी ते पोरगं वही घेऊन माझ्याकडे येतं आणि "हे काय लिहिलंय?" म्हणून आपणच लिहिलेलं वाक्य दाखवतं, तेव्हा मला त्या व्यवस्थेचा राग येतो. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही आणि शाळेत मराठीला जागा नाही. मग हे मूल समजून घेणार कुठल्या भाषेत? शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय की शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. त्या ओळीसाठी कुणी न्यायालयात गेल्याचं माझ्या कानावर नाही.

मॉन्टेसरी शाळा पाहायची मला फार इच्छा होती. पाट्या खूप दिसतात, कारण हे नाव कुणीही लावू शकतं. खरं मॉन्टेसरी घर ओळखायला सोपं असतं. ३ ते ६ वयाची मुलं एकत्र असतात, साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर मांडलेलं असतं, आणि बाई बराच वेळ गप्प असतात. आम्ही पाहिलं तिथे एक मुलगी गुलाबी मनोरा रचत होती, एक मुलगा एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतत होता आणि सांडलं की स्वतः पुसत होता. कुणी कुणाला घाई करत नव्हतं. तिथे बसून मला खोल शांत वाटलं. फी मात्र आमच्या आवाक्याबाहेर, आणि पुढे पहिलीला पुन्हा नवी शाळा शोधावी लागणार होती.

परत येताना जाणवलं की हे सगळं आपल्याकडे परकं नाही. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरी १९३९मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६पर्यंत भारतातच राहिल्या. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२६मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी नूतन बाल शिक्षण संघ उभा केला होता. महागडं साहित्य गरीब मुलांना परवडणार नाही म्हणून ताराबाईंनी पानं, शिंपले, बिया, दगड यांतून साहित्य घडवलं. बोर्डीला वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. रमेश पानसे यांच्या ग्राममंगल संस्थेने तो धागा पुढे नेला. मराठी माध्यमातल्या प्रयोगशील शाळा, पुण्यातली अक्षरनंदन, कोल्हापूरची सृजन आनंद, नाशिकची आनंद निकेतन, याच विचारांच्या शेजारच्या. बालशिक्षणाचं इतकं मोठं काम ज्या भाषेत झालं, त्या भाषेतले पालक मुलाच्या शाळेचा विचार करताना ते आठवतही नाहीत, याची मला मनापासून खंत आहे. अक्षरनंदन धायरीहून रोज जाण्या-येण्याला लांब पडणार होती, नाहीतर आम्ही तिथे नक्की अर्ज केला असता.

अंगणवाडीतही मी बसले. सासूबाईंना ते आवडलं नाही. "तिथे कशाला?" म्हणाल्या. पण अंगणवाडी हा देशातला सगळ्यात मोठा बालशिक्षणाचा पसारा आहे, २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजनेतून सुरू झालेला, आणि तो न बघता शाळा बघितल्या म्हणणं मला पटत नव्हतं. एक खोली, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर ताईंनी स्वतः काढलेली चित्रं. ताई मुलांना सांगत होत्या, "घरून येताना वाटेत काय काय दिसलं?" आणि मुलं एकावर एक सांगत सुटली: कुत्रं, टेम्पो, भांडण, पोलीस, जिलेबी. त्यांनी प्रत्येकाला नाव घेऊन पुढचा प्रश्न विचारला. इतका बोलका वर्ग मी दुसरीकडे पाहिला नाही. पण त्याच ताईंना मध्येच उठून मोबाइलवर नोंदी भरायच्या होत्या, मुलांची वजनं घ्यायची होती, गरोदर बायकांच्या घरी जायचं होतं, आणि मदतनीस त्या दिवशी रजेवर होत्या. एवढी कामं एका बाईवर टाकून वर तिला मानधनावर ठेवायचं, आणि मग लोकांनी म्हणायचं की अंगणवाडीत शिकवत नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं.

शेवटी ज्या शाळेत लेकीला घातलं ती एका जुन्या संस्थेची मराठी शाळा. शिशुशाळा आणि प्राथमिक एकाच आवारात. तिथे मी सलग एक तास बसले, कुणी उठवलं नाही. छोटा शिशु, पट अडतीस. दोन ताई आणि एक मावशी. गोल करून गप्पा चालल्या होत्या. एका मुलाने सांगितलं की त्याच्या घरी मांजरीला पिल्लं झाली. ताईंनी विचारलं, "किती?" तो म्हणाला, "खूप." "खूप म्हणजे माझ्या एका हाताच्या बोटांएवढी की दोन?" त्याने बोटं मोजली, विचार केला, म्हणाला, "एका हाताची, पण अंगठा नाही." ताईंनी सगळ्यांना अंगठा मिटायला लावला आणि उरलेली बोटं मोजायला सांगितली. गणित असं शिकवतात. मला आणखी काही बघायचं नव्हतं.

उणिवाही होत्या आणि त्या आम्ही मोजूनच घेतल्या. अडतीस मुलं फार झाली. पहिली ते पाचवीला कायदा तिसास एक शिक्षक म्हणतो, पण शिशुवर्गाला तो लागू नाही. अनुदानसुद्धा पहिलीपासून मिळतं. शिशुवर्ग विनाअनुदानित असतो, म्हणजे ताईंचा पगार पालकांच्या फीमधून निघतो. फी वर्षाला चौदा हजार असेल तर त्यातून किती पगार निघेल याचा हिशेब कुणीही करावा. लहान मुलांना शिकवणं सगळ्यात अवघड, आणि त्याच बाईंना सगळ्यात कमी पैसे. बस नव्हती. व्हॅनवाले काका आमच्या बाजूला येत नव्हते. मी दुकानातली सकाळची पाळी बदलून दुपारची घेतली. दुपारी लेकीला आणायला सासूबाई रिक्षाने जातात. ज्या घरी आजी नाही आणि आईला पाळी बदलून मिळत नाही, त्या घराने बसवाली शाळा निवडली तर त्यांना नावं ठेवायचा कुणाला अधिकार नाही.

नवऱ्याचं मन कशाने वळलं तर इंग्रजीच्याच एका माहितीने. तो शिकला तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. २०००मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून सुरू झालं. म्हणजे त्याच्या आणि लेकीच्या मराठी शाळेत तेवढा फरक पडलेला आहे. त्याने स्वतः पहिली-दुसरीची इंग्रजीची पुस्तकं आणून वाचली आणि मग म्हणाला, "घरी मी रोज तिला इंग्रजी गोष्ट वाचून दाखवीन. ते काम माझं." तो ते करतोय. लेक चित्रांवरून मराठीत प्रश्न विचारते, तो दोन्ही भाषांत उत्तर देतो, आणि कुणीही तिला "इन इंग्लिश" म्हणत नाही. आता ती आपणहून इंग्रजी वाक्यं जुळवते. त्यातली बरीच वाकडी असतात, पण ती बिनदिक्कत बोलते.

दीड वर्ष झालं आता. ती मोठ्या शिशूत आहे. पहिले आठवडे ती रडली, ते सगळी मुलं रडतात. अक्षरं उशिरा आली. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा इंग्रजी वाक्यं वाचायला लागला तेव्हा लेकीला धड स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं आणि सासूबाई काळजीत पडल्या. मोठ्या शिशूत दिवाळीनंतर एकदम वाचायला लागली. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, पीएमपीच्या बसवरची गावं. पण मला त्याहून जास्त आनंद तिच्या शाळेतल्या गोष्टी ऐकताना होतो. आज कोण काय म्हणालं, ताई काय म्हणाल्या, आणि "मग मी ताईंना सांगितलं, ताई, तुमचं चुकलं." ताईंनी काय केलं विचारलं तर म्हणाली, "पुसलं आणि परत काढलं."

एप्रिल २०२५मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करण्याचा निर्णय आला, गदारोळ झाला आणि २९ जूनला सरकारने तो निर्णय मागे घेतला. आमच्या पालकसभेत त्यावर खूप बोलणं झालं. मी तिथेही हेच म्हणाले की सहा वर्षांच्या मुलाला आधी एका भाषेत भरपूर बोलू, ऐकू, वाचू द्या. दुसरी खेळातून येऊ द्या. तिसरीची घाई मोठ्यांची असते.

आता पहिलीचा अर्ज आहे आणि त्यात सेमी-इंग्रजीची चौकट. आमच्या शाळेत पहिलीपासून गणित इंग्रजीत घेण्याचा पर्याय आहे. त्याच्या बाजूने एक मुद्दा मला खरंच वजनदार वाटतो. एकवीस ते नव्याण्णवपर्यंतची मराठी संख्यानामं मुलांना जड जातात. मंगला नारळीकर यांच्या समितीने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी सोपी मांडणी जोडीला दिली तेव्हा त्यावर टीकेचा भडिमार झाला. पण गणित शिकवणाऱ्या माणसाने मुलाची अडचण ओळखून केलेला तो प्रयत्न होता, आणि ताई वर्गात दोन्ही पद्धती वापरतात. विरुद्ध बाजूला ती मांजरीची पिल्लं आहेत. तो संवाद इंग्रजीत झाला असता का? म्हणून आम्ही चौकट रिकामी ठेवून पहिलीच्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "चिन्हं आणि शब्द इंग्रजी, समजावणं मराठीत, असं मी करते." त्यांच्या वर्गात बसून ते पाहिलं आणि मग सेमीवर खूण केली. पाचवीत पुन्हा विचार करू.

काळजी दुसरीच आहे. शाळेचा पट दरवर्षी घसरतोय. पट उतरला की संचमान्यतेत, म्हणजे सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की आणखी पालक सोडून जातात. पाडव्याला "गुढीपाडवा, पट वाढवा" म्हणून ताई आणि बाई उन्हात घरोघर फिरतात. संस्थेच्या काही पदाधिकाऱ्यांचं म्हणणं आहे की त्याच इमारतीत इंग्रजी माध्यम सुरू करावं. मी आणि आणखी काही पालकांनी मुख्याध्यापिकांकडे वेगळी परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली. जानेवारीपासून मंगळवारी आणि गुरुवारी, साडेनऊ ते साडेदहा, ज्या पालकांना शाळा बघायची आहे त्यांनी छोट्या शिशूच्या वर्गात येऊन मागे बसायचं. आमच्या सोसायटीतली तीन घरं येणार आहेत, मावशींची सूनही धाकट्याला घेऊन येते म्हणाली. चपला बाहेर, मोबाइल बंद, आणि मुलांना आपण होऊन काही विचारायचं नाही, एवढ्याच अटी आहेत. मुलांनी विचारलं तर उत्तर द्यायचं.